तिऱ्हाईताचा मोबाइल

बाई कुत्र्याला घाबरायच्या, विजेला घाबरायच्या, पावसाळ्यात नदीच्या पुलावरून जायला घाबरायच्या. पण त्यांना खरी धडकी भरायची ती 'सगळं नीट चाललंय' या वाक्यानं. एखादा विद्यार्थी खुशीत येऊन म्हणाला, बाई, माझी वेबसाइट मस्त चाललीय, की त्यांचा चेहरा उतरायचा. कुणी सांगितलं, कुणाच्या मोबाइलवर बघितलं, अशी उलटतपासणी सुरू व्हायची. स्वतःच्याच मोबाइलवर बघितलं असं उत्तर आलं, की बाई चपला शोधायला लागायच्या.

चपला घालून त्या जायच्या कुठं, तर नाक्यावरच्या रिक्षा स्टँडवर. तिथं जो दिसेल त्याच्यापुढे हात करायचा आणि म्हणायचं, जरा तुमचा मोबाइल द्या हो, मिनिटभर. हल्ली कुणी अनोळखी माणूस मोबाइल मागायला लागला की आपण आधी खिसा दाबतो. पण साठी उलटलेली, सुती साडीतली, खांद्याला कापडी पिशवी लावलेली बाई समोर असली की माणूस गोंधळतो. त्या गोंधळात बाई त्याच्या मोबाइलवर आपल्या विद्यार्थ्याची साइट उघडून, वर-खाली करून, फोननंबरावर बोट दाबून तो खरोखर लागतो का तेही बघून घ्यायच्या. कर्जतच्या रिक्षावाल्यांना याची सवय झाली होती. बाई येताना दिसल्या की ते आपणहून मोबाइल काढून ठेवायचे. नेरळकडच्या एका गृहस्थांनी मात्र एकदा चोर चोर करून माणसं जमवली होती. रिक्षावाल्यांनीच बाईंना त्यातून सोडवलं. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा स्टँडवर हजर.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपला मोबाइल आपला मिंधा असतो. आपण मालक आहोत हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो आपल्याला आवडेल ते दाखवतो. खरं काय ते बघायचं तर तिऱ्हाईताचा मोबाइल मागावा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदराआड हसले होते.

बाई दहिवलीत दोन खोल्यांत राहायच्या. माहेर कडावचं. लग्न केलं नाही. ठाण्याच्या कुठल्याशा ऑफिसात सगळी नोकरी कम्प्युटरसमोर काढली आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या जवळ असावं म्हणून कर्जतला आल्या. बाहेरच्या खोलीत जुने कम्प्युटर मांडून त्यांनी शिकवणी सुरू केली. विद्यार्थी म्हणजे आमच्यासारखेच सगळे. कुणाचं फार्महाऊस, कुणाचा मसाल्याचा धंदा, कुणाची रोपवाटिका. साइट करून देणारे पुष्कळ भेटतात, ती सांभाळायची कशी ते कुणी सांगत नाही. बाई तेवढंच शिकवायच्या. आमचं घर कोंडाण्यात, लेण्यांच्या पायथ्याशी. घराला लागून आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या आणि नवऱ्याला साइट हवी होती. त्याला स्वतःला शिकायला वेळ नव्हता, म्हणून मला धाडलं.

पहिल्या दिवशी बाईंनी मला नाव-गाव काही विचारलं नाही. एकदम म्हणाल्या, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

मला वाटलं, जमिनीचं विचारतायत. मी म्हटलं, सासऱ्यांच्या. त्या म्हणाल्या, जमिनीचा नव्हे, साइटचा. म्हणजे साइटचं जे नाव विकत घ्यायचं, ते कुणाच्या ईमेलवर घेणार? दिराच्या, भाच्याच्या, शेजारच्या हुशार पोराच्या ईमेलवर घ्यायचं असेल तर आत्ताच घरी जा. मग त्यांनी मला लोधिवलीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगायच्या, आवाज उतरवून, दाराकडे बघत, भुताची सांगतात तशी.

लोधिवलीच्या बाजूला एकांचं मंगल कार्यालय होतं. साइट भाच्यानं करून दिलेली, नावही त्याच्याच ईमेलवर. भाचा आखातात गेला, तो जुना ईमेल कुणी उघडेना, वर्षाची मुदत संपल्याचे निरोप तिथंच पडून राहिले आणि नाव सुटलं. अशी सुटलेली नावं उचलायला लोक टपलेले असतात. एकानं ते उचललं. लग्नसराईत मुलीकडच्यांनी हॉल बघावा म्हणून साइट उघडली, तीही घरच्या मोठ्या टीव्हीवर, आजोबांना मधोमध बसवून. समोर पत्त्यांचा जुगार आणि त्याची जाहिरात करणाऱ्या बायका. पुढचं मी लिहीत नाही. लग्न दुसऱ्या हॉलमध्ये झालं. गोष्ट संपली की बाई पाणी प्यायच्या आणि विचारायच्या, आता सांग, सातबारा कुणाच्या नावावर?

मी माझ्या नावावर केला. नवऱ्याच्याही नाही.

शिकवणीत कुणाला पासवर्ड टाकायचा असला की बाई स्वतः भिंतीकडे तोंड करायच्या आणि बाकीच्यांनाही करायला लावायच्या. रोपवाटिकेचे मालक, मसालेवाल्या वहिनी, मी, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. शेजारच्या शिंपीदादांना बरेच दिवस वाटत होतं की ही बाई एवढ्या मोठ्या माणसांना शिक्षा करते. पासवर्ड कसा करायचा तेही त्यांनी शिकवलं होतं. फक्त आपल्यालाच ठाऊक असलेलं घरातलं एखादं लांबलचक वाक्य घ्यायचं आणि त्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं जोडायची. वाक्य भांडणातलं असेल तर उत्तम, ते माणूस विसरत नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्या टिकली चिकटवायच्या. स्वतः कधी कपाळाला लावली नाही, पण पाकिटंच्या पाकिटं आणायच्या आणि आमच्याही कॅमेऱ्यांना लावायच्या. लाल, ठसठशीत.

साइटची प्रत काढायला त्यांनी अमावास्या नेमून दिली होती. सांगायच्या, दुकानावर नवं लिंबू-मिरची बांधता, नारळ फोडता, ते जरूर करा, पण त्याच दिवशी साइटही उतरवून घ्या, म्हणजे विसरायला होणार नाही. अमावास्येला आम्ही सगळे पेनड्राइव्ह घेऊन दहिवलीत जमायचो. आमच्याकडच्या पावसात कपाटातली वहाणसुद्धा बुरसटते, तर पेनड्राइव्हचं काय. म्हणून ते तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचे. एक डबा बाईंकडे, एक बाजारातल्या सुक्या मेव्याच्या दुकानात चाचींकडे, एक कडावला भावाच्या कणगीत. नदी घरात शिरली तर दुकान राहील, दुकान गेलं तर कणगी राहील. एवढ्यावरही त्यांचं समाधान नसे. काढलेली प्रत रिकाम्या कम्प्युटरवर उघडून, पानं चालतात की नाही बघितल्याशिवाय त्या तिला प्रत म्हणायच्या नाहीत. चाची म्हणायच्या, बाईको डर का शौक है. ते मला तेव्हा अगदी पटलं होतं. काही माणसांना जत्रेतल्या पाळण्यात बसून ओरडायला आवडतं, तसं बाईंना घाबरायला आवडतं, असंच मला वाटायचं.

एकदा वाल सोलत बसलो होतो, तेव्हा मी त्यांना विचारलं की बाई, तुमच्या बाबतीत असं काय झालं होतं म्हणून तुम्ही इतक्या घाबरता? त्यांनी वाल सोलणं थांबवलं नाही. म्हणाल्या, काही झालं नव्हतं गं. झालं असतं तर बरं होतं, एकदा होऊन गेलं म्हणून गप्प बसता आलं असतं.

आमची साइट साधी होती. खोल्यांचे फोटो, तेही बाईंनी बारीक करून घेतलेले, कारण त्यांच्या मते कोंबडीच्या रश्शाचा भलामोठा फोटो उघडेपर्यंत गिऱ्हाईक जेवून झोपतं. तांदळाच्या भाकरीचा एक फोटो. आणि एक पान 'आजची वाट' नावाचं. ते मला सुचलं होतं आणि त्याचं बाईंना कौतुक होतं. लेण्यांकडे जाणारी वाट रानातून जाते आणि मध्ये ओढा लागतो. पावसाळ्यात तो कधी पायाच्या घोट्याएवढा, कधी माणूस ओढून नेईल असा. ठाकरवाडीतले एक काका आमच्याकडच्या पाहुण्यांना वर घेऊन जायचे. ते सकाळी ओढा बघून यायचे आणि मग मी पानावर पट्टी लावायची. हिरवी पट्टी म्हणजे वाट सुरू, लाल पट्टी म्हणजे वाट बंद. हळूहळू आमच्याकडे न उतरणारी माणसंही घरून निघताना ते पान बघायला लागली. नवरा म्हणायचा, फुकट्यांची सोय. मला मात्र त्याचा अभिमान होता.

एका वर्षी पाहुण्यांची तक्रार यायला लागली की साइट उघडायला वेळ लागतो. नवऱ्यानं बाईंच्या मागे लकडा लावला. बाई तयार नव्हत्या, चाललेल्या गाडीचं चाक कशाला काढायचं म्हणत होत्या, पण शेवटी त्यांनी साइट जलद करणारं एक साधन बसवलं. ते साधन करतं काय, तर प्रत्येक पानाची तयार प्रत करून ठेवतं आणि जो येईल त्याच्यापुढे तीच वाढतं. ताजं रांधायला नको, म्हणून पटकन येतं. बाईंनी बसवल्यावर नेहमीप्रमाणे रिक्षा स्टँड गाठला. सगळ्यांच्या मोबाइलवर साइट झटक्यात उघडली. 'आजची वाट'ही बघितली. हिरवी पट्टी होती, आणि त्या दिवशी वाट खरोखरच सुरू होती. नवऱ्यानं रिक्षावाल्यांना चहा पाजला. बाईंनी प्यायला नाही.

मग तो दिवस आला. सकाळी उघडीप होती, अंगणात ऊनही पडलं होतं. काका ओढ्यावरून नेहमीपेक्षा लवकर परत आले ते भराभर चालत. "पानी लाल झालंय," ते म्हणाले. "वर राजमाचीकडं लय कोसळतोय. कोनाला सोडू नका."

मी लगेच मोबाइल काढून लाल पट्टी लावली. पान पुन्हा उघडून बघितलं. लाल. मग कामाला लागले. थोड्याच वेळात पाऊस आमच्यावरही आला आणि मोबाइलची रेंज गेली. त्याचं काही विशेष नाही, आमच्याकडे पावसात ती जातेच.

दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती तेव्हा अंगणात रिक्षा येऊन थांबली आणि बाई उतरल्या. नखशिखांत भिजलेल्या, पिशवीसुद्धा नाही. पावसाळ्यात पूल ओलांडायचा नाही म्हणून भावाच्या घरचं श्रावणातलं जेवण चुकवणारी ही बाई अशा पावसात कोंडाण्यात कशी, याचंच मला नवल वाटलं. एरवी त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या. भेदरल्या की कडावचं बोलणं तोंडात यायचं.

"पोरी, वाट बंद केलीस का नाय?"

मी म्हटलं, सकाळीच केली, आणि मोबाइल पुढे केला. सकाळी उघडलेलं पान तसंच होतं, लाल पट्टी. बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. रिक्षावाल्याच्या हातातून त्याचा मोबाइल घेतला आणि माझ्यासमोर धरला. कर्जतला उघडून ठेवलेलं आमचंच पान. हिरवी पट्टी. वाट सुरू.

"स्टँडवर सगळ्यांचे बघितले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांकडं सुरूच हाय."

मला आधी काही कळेना. मग त्यांनी धापा टाकत सांगितलं. मी पासवर्ड टाकून मालक म्हणून आत शिरलेली, म्हणून त्या जलद साधनानं मला ताजं पान दाखवलं. बाकी जगाला ते कालचंच शिळं पान वाढत बसलं होतं. कर्जतला पाऊस कोसळत असताना बाईंना शंका आली, कोंडाण्याची वाट आज बंद असणार, बघू तरी. त्यांनी एकाचा मोबाइल मागितला. मग दुसऱ्याचा. मला फोन लावत राहिल्या, तो लागेना. आणि मग त्या रिक्षात बसल्या.

सासरे ओसरीवरून ऐकत होते. ते सावकाश म्हणाले, देवळापाशी मघापासून एक गाडी उभी आहे, खोपोलीकडची असावी, आपल्याकडचीच कुणी पाहुणी असतील असं मला वाटलं.

आमच्याकडे त्या दिवशी कुणीही पाहुणे नव्हते.

नवरा आणि काका दोर घेऊन रानात गेले. बाई त्यांच्या मागे निघाल्या. मी नको नको म्हणत होते, त्या ऐकेनात, मग मीही निघाले. आम्ही ओढ्यापाशी पोचेपर्यंत ते दोघे वरच्या अंगाला, जिथं पात्र अरुंद आहे, तिकडे गेले होते. आमच्यासमोर ओढा नव्हताच, लाल पाण्याची भिंत चालली होती. एवढा आवाज की शेजारचं माणूस बोललेलं ऐकू येत नव्हतं. चिखलात पायांचे ठसे होते, पाण्याकडे जाणारे. मोठे दोन आणि एक लहान.

तो लहान ठसा बाईंनी माझ्या आधी बघितला. त्या खाली बसल्या आणि त्याच्यावर दोन्ही हातांचा आडोसा धरला, पावसानं पुसू नये म्हणून. मी म्हटलं, बाई, उठा, काय करताय. त्या उठल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला, तर त्या देवाचं नाव घेत नव्हत्या. "मी उलट करून नाय बघितलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सुरू असताना सुरू दिसतं का, ते त्यांनी बघितलं होतं. बंद केल्यावर बंद दिसतं का, ते बघायचं राहिलं होतं.

मी बाईंची समजूत घालायला हवी होती. पण मीच इतकी घाबरले होते की मला त्यांचा राग आला. मला पानाचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या जलदपणाचा आला. माझं स्वतःचं लेकरू कर्जतला शाळेत सुखरूप होतं, हे मी मनाला सांगत होते आणि सांगितल्याची लाज वाटत होती. पाण्यातून काही लाकडं वाहत आली. प्रत्येक ओंडका दिसला की तो माणूस नाही ना, हे मी पुढे वाकून बघायची. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पाऊस थांबला, पुन्हा आला, पुन्हा थांबला.

ती माणसं वरच्या बाजूनं, झाडांतून आली. पुढे काका, त्यांच्या पाठीवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, मागे तिचे आईवडील आणि शेवटी नवरा. सकाळी पाणी कमी असताना ती तिघं ओढा ओलांडून गेली होती. परत फिरताना वाट राहिली नव्हती, म्हणून पलीकडे एका कातळाखाली बसून होती. वडील एकदा पाण्यात उतरलेही होते. कमरेपर्यंत गेले आणि बायकोनं शर्टाला धरून ओढलं, म्हणून राहिले. काकांनी अरुंद जागी दोर बांधून एकेकाला अलीकडे आणलं.

मुलीच्या एका पायात बूट नव्हता. बाईंनी तिला जवळ घेऊन आपल्या ओल्या पदरानं तिचे ओले केस पुसायला सुरुवात केली. वडील माझ्याकडे आले. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल काढला. प्लॅस्टिकची गाठ दातांनी सोडवली. उघडल्यावर त्यांनी तो माझ्या तोंडासमोर धरला. हिरवी पट्टी. हे तुम्हीच लिहिता ना, त्यांनी विचारलं. आम्ही घरून हे बघून निघालो.

मी तोंड उघडायच्या आत बाई मध्ये आल्या. साधन, प्रत, शिळं पान, यातलं काही त्या बोलल्या नाहीत. "ते पान मी बनवलंय," त्या म्हणाल्या. "चूक माजी हाय."

ते गृहस्थ त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुमची चूक घेऊन मी काय करू, बाई?"

ते आवाज चढवून बोलले असते तर सोपं गेलं असतं. घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही, गाडीत जाऊन बसले. बायकोनं घेतला. मुलीनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग झोपली. ती माणसं पुन्हा कधी आली नाहीत, आणि त्यांनी कुणाकडे आमची तक्रारही केली नाही.

बाईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या साइटवरची जलद साधनं काढून टाकली. रोपवाटिकावाले म्हणाले, आमच्या रोपांचे भाव कालचे दिसले तर कोण मरणार आहे? बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण काढलंच. त्यांची भिण्याची हौस मात्र त्या दिवसापासून आटली. लोधिवलीची गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला रंगवून सांगितली नाही. शिकवताना मध्येच थांबायच्या आणि खिडकीबाहेर पाऊस किती आहे ते बघायच्या. चाचींनीही शौकाचं बोलणं सोडलं.

'आजची वाट' काढून टाकावं असं मी म्हणत होते. बाईंनी ते काढू दिलं नाही. पट्ट्या काढल्या आणि त्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलं: लेण्यांकडे निघण्याआधी फोन करा. फोन लागला नाही, तर वाट बंद आहे असं समजा.

नवरा वैतागला. आमच्याकडे निम्मा पावसाळा फोन लागत नाही, म्हणजे निम्मा पावसाळा आपण होऊन गिऱ्हाईक घालवायचं. लोक म्हणतील, भित्री माणसं. बाई म्हणाल्या, घरात बसून घाबरलेलं बरं, ओढ्यात उतरून घाबरण्यापेक्षा. यंत्र बिघडलं की ते गप्प बसतं, तेव्हा त्याच्या गप्प बसण्याचाही अर्थ आपणच ठरवून ठेवावा. नवऱ्याला ते पटलं असं नाही, पण त्यानं मुलीचा बूट नसलेला पाय बघितला होता. त्यानं त्या ओळी तशाच राहू दिल्या.

त्यानंतर रोज सकाळी मला अनोळखी नंबरावरून फोन यायचा. एक बाई मुंबईकडच्यासारखं बोलण्याचा प्रयत्न करत विचारायची, हॅलो, लेण्यांची वाट आज सुरू आहे का? स्टँडवर कुणाचा तरी मोबाइल मागून बाईच बोलत असायच्या. आवाज पहिल्याच शब्दाला कळायचा. पण ओळख दाखवलेली त्यांना चालत नसे, रागवायच्या. मग मीही परक्यासारखं, सुरू आहे मॅडम, काकांना सोबत घ्या, असं सांगायची. त्या थँक यू म्हणून ठेवून द्यायच्या. संध्याकाळी स्वतःच्या नंबरावरून फोन करून इकडचं तिकडचं बोलायच्या, सकाळचा विषय काढायच्या नाहीत.

एका पावसाळ्यात मोबाइलचा टॉवर सकाळीच बंद पडला. पाऊस असा की समोरचा डोंगर दिसेना. फोन लागत नाही म्हणजे वाट बंद, पानावर तसं लिहिलेलं आहे, हे मी स्वयंपाक करता करता स्वतःला दहादा बजावलं. पण लिहिलेलं वाचतं कोण? शेवटी हातातलं पीठ तसंच टाकलं आणि छत्री घेऊन ओढ्यावर गेले.

ओढ्याच्या अलीकडे, वाट पाण्यात उतरते त्या जागी, बाई छत्री धरून उभ्या होत्या.

मी म्हटलं, बाई, तुम्ही इथं? त्या म्हणाल्या, फोन लागेना. मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, मग वाट बंद समजायची, तुम्हीच लिहिलंय ना ते?

"मी समजले गं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी समजलंय का नाय, ते बघाया आले."

आम्ही दोघी तिथं उभ्या राहिलो. पाणी चढत होतं. गावाकडून रस्ता येतो त्या वळणाकडे बाई टक लावून बघत होत्या. कुणीही आलं नाही. पाऊस ओसरायला लागल्यावर बाईंनी छत्री मिटली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच जरा सैलपणा दिसला. घरी येऊन त्यांनी चहा घेतला, आणि दुसऱ्यांदा मागून घेतला.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. दहिवलीतच, घरी, बसल्या जागी. रिक्षा स्टँडवरचे सगळे आले होते. भावानं कम्प्युटर देऊन टाकले आणि खोल्या सोडल्या. साइट आमची आम्ही सांभाळतो. सकाळचा फोन आता येत नाही, तरी त्या वेळेला मी मोबाइल जवळ ठेवते.

टॉवर मात्र अजून पावसात जातो. तो गेला की मी चूल मंद करते आणि ओढ्यावर जाते. नवऱ्यानं आधी विचारलं, तिथं जाऊन करतेस काय, आता विचारत नाही. वाट पाण्यात उतरते तिथं मी उभी राहते आणि वळणाकडे बघते. कुणी येत नाही. पाऊस ओसरेपर्यंत कुणी आलं नाही हे डोळ्यांनी बघून मी घरी येते, आणि मग मला जेवण जातं.